बर्फावरून कचेरीत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेल्या चार खेळाडूंच्या नोंदी मिळाल्या. नोंदींविषयी शेवटी लिहितो, आधी तुझा प्रश्न. गुडघ्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मैदानी हॉकी सुटली, पुण्याहून तू इकडे मिशिगनला क्रीडा व्यवस्थापन शिकायला आलीस, आणि आता दुय्यम लीगमधल्या एका आइस हॉकी संघाच्या कार्यालयात, खेळाडूंचे निरीक्षण करणाऱ्या विभागात मदतनिसाचे काम मिळते आहे. ते घ्यावे का, आणि गोलरक्षक म्हणून खेळलेल्या दहा वर्षांचा तेथे काही उपयोग होईल का, असे तू विचारतेस. काम जरूर घे. दहा वर्षांचा उपयोगही होईल, मात्र तुला वाटतो तसा नाही. तो कसा, हे सांगण्यासाठी मी तुला डेट्रॉइटच्या एका माणसाविषयी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याचे खेळणे आणि नंतरची कचेरी ही दोन्ही मी येथे राहून पाहिली आहेत.

स्टीव्ह आयझरमनला डेट्रॉइट रेड विंग्ज या आइस हॉकी संघाने १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, चौथ्या क्रमांकावर निवडले तेव्हा तो १८ वर्षांचा होता. १९८६ मध्ये, २१ व्या वर्षी, त्याला कर्णधार केले आणि २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तोच कर्णधार राहिला. १९८८-८९ च्या हंगामात त्याने ६५ गोल केले आणि ९० गोलांना हातभार लावला. शहरात त्याच्या १९ क्रमांकाचा लाल अंगरखा न घातलेले शाळकरी पोर सापडणे अवघड होते. लीगचे विजेतेपद, म्हणजे स्टॅन्ली कप, मात्र येईना. १९९३ मध्ये स्कॉटी बोमन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी या गोल करणाऱ्या माणसाला बचावासाठी मागे यायला लावले, अंगावर चेंडू झेलावा तसा पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, झेलायला लावले. मधल्या काळात तर त्याची दुसऱ्या संघात बदली होणार अशी चर्चा वर्तमानपत्रांतून उघड चालत असे. अखेर ४२ वर्षांनी कप डेट्रॉइटला आला तो १९९७ मध्ये, आणि त्या हंगामात कर्णधाराचे गोल होते २२. ६५ गोलांच्या वर्षी जे मिळाले नाही ते २२ गोलांच्या वर्षी मिळाले, ही गोष्ट त्या माणसाच्या हाडात किती खोल गेली असेल याचा विचार कर. त्याच्या पुढच्या कामाचा उगम मला तेथे दिसतो.

निवृत्तीनंतर काही आठवड्यांतच त्याला संघाचे उपाध्यक्षपद मिळाले. पद मोठे वाटले तरी खेळाडू घेण्या-सोडण्याचे खरे निर्णय जनरल मॅनेजर केन हॉलंड यांच्या हाती होते आणि आयझरमन त्यांच्याजवळ बसून चार वर्षे शिकला. या हॉलंडसाहेबांनी एनएचएलमध्ये, म्हणजे रेड विंग्ज खेळतात त्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळलेले सामने किती, तर फक्त चार. तुझ्यासारखेच गोलरक्षक होते ते, आणि खेळाडू हेरण्याच्या कामातून पायरी पायरीने वर आले होते. १,५१४ सामने खेळलेला माणूस चार सामने खेळलेल्या माणसाकडे शिकवणीला बसला, यात कोणालाच काही वावगे वाटले नाही, आणि वाटू नयेच. या चार वर्षांत त्याने कॅनडाच्या राष्ट्रीय संघाची निवडही केली. २००७ ची जागतिक स्पर्धा आणि २०१० चे व्हँकुव्हर ऑलिंपिक, दोन्हीकडे सुवर्णपदक आले. कॅनडाचा संघ निवडणे म्हणजे कोणाला घ्यायचे यापेक्षा कोणाला वगळायचे हे ठरवणे, कारण वगळलेला प्रत्येक जण आपापल्या शहराचा लाडका असतो.

येथे माझी एक फजिती सांगतो. मी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आराखडे काढण्याच्या कामावर होतो आणि त्या कामात माझा हात धरणारे कोणी नव्हते. त्याच जोरावर मला विभागप्रमुख केले. पहिले दीड वर्ष मी काय केले, तर हाताखालच्या मुलांचे आराखडे संध्याकाळी घरी आणायचे आणि रात्री जागून स्वतः पुन्हा काढायचे. आराखडे उत्तम होत. मुले मात्र तेथून एकेक करून निघून गेली, आणि जाताना त्यांतल्या एकाने सांगितले की येथे शिकण्यासारखे काही उरत नाही, सगळे तुम्हीच करता. जो ज्या कामात तरबेज, त्याला तेच काम सोडवत नाही. खेळाडूचे तर त्याहून अवघड, कारण त्याला त्या कामाबरोबर टाळ्याही सोडाव्या लागतात.

मे २०१० मध्ये आयझरमन फ्लॉरिडाच्या टँपा बे लाइटनिंग संघाचा जनरल मॅनेजर झाला. एनएचएलमध्ये २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे, त्यामुळे एकाला दिलेला डॉलर दुसऱ्याच्या ताटातून काढलेला असतो. टँपाचा कर्णधार व्हिन्सेंट लेकॅव्हलिए हा संघाला २००४ चा कप मिळवून देणाऱ्यांपैकी, गावाचा लाडका. पण त्याच्याशी ११ वर्षांचा, साडेआठ कोटी डॉलरचा करार आधीच झालेला होता आणि त्याचे वय वाढत होते. २०१३ मध्ये लीगने संघांना थोड्या काळासाठी अशी मुभा दिली की उरलेल्या वेतनाची दोन-तृतीयांश रक्कम देऊन करार मोडला तर ती रक्कम मर्यादेत धरली जाणार नाही. आयझरमनने ती संधी घेतली आणि कर्णधाराला मोकळे केले. पुढच्याच हंगामात नवा कर्णधार मार्टिन सेंट लुई याचे नाव सोची ऑलिंपिकसाठीच्या कॅनडाच्या पहिल्या यादीत नव्हते, आणि ती यादी करणाऱ्यांचा प्रमुख आयझरमनच होता. जखमी स्टीव्हन स्टॅमकोसच्या जागी सेंट लुई नंतर गेला, कॅनडाने सुवर्णही जिंकले, पण त्याने बदली मागितली आणि मार्च २०१४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. बदल्यात तिकडचा कर्णधार रायन कॅलाहन आला. नऊ महिन्यांत दोन कर्णधार!

हा माणूस कोरडा होता असे समजू नकोस. १९९७ च्या विजयानंतर सहाच दिवसांनी मोटार अपघातात त्याचा सहकारी व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह कायमचा जायबंदी झाला होता. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये कप पुन्हा जिंकला तेव्हा आयझरमनच्या हाती तो आला, आणि चाकाच्या खुर्चीत बसवून बर्फावर आणलेल्या कॉन्स्टँटिनोव्हच्या मांडीवर त्याने तो नेऊन ठेवला. आमच्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसलेली सगळी मंडळी गप्प झाली होती. माझ्या पत्नीला हॉकीतले ओ की ठो कळत नसे, तीही पदर डोळ्याला लावून बसली होती. तोच माणूस पंधरा-सोळा वर्षांनी दोन कर्णधारांना वाट मोकळी करून देतो. तुला या दोन गोष्टींत विसंगती दिसेल, आणि मलाही पुष्कळ दिवस दिसत असे. आता वाटते की बर्फावर असताना सहकाऱ्याला धरून राहणे हेच त्याचे काम होते, आणि कचेरीत आल्यावर जे सहकारी अजून संघात यायचेच आहेत त्यांची जागा राखणे हे काम झाले. ज्याची बदली होणार म्हणून स्वतःच्या नावाची चर्चा वर्तमानपत्रांत झाली आहे, त्याला समोरच्यावर काय बेतते आहे हे पुरते ठाऊक असते. तरी तो निर्णय टाळत नाही. खेळलेल्या वर्षांचा उपयोग होतो तो असा.

त्या राखलेल्या जागांवर कोण आले हेही पाहा. ड्राफ्टमध्ये निकिता कुचेरोव्ह २०११ मध्ये ५८ व्या क्रमांकावर, ओंद्रेय पलाट त्याच वर्षी सातव्या फेरीत २०८ वा, आंद्रेई वासिलेव्हस्की २०१२ मध्ये १९ वा, ब्रेडन पॉइंट २०१४ मध्ये ७९ वा. पॉइंटला अंगाने लहान म्हणून अनेकांनी मागे ठेवले होते. ही नावे आयझरमनच्या खात्यावर लिहिली जातात, पण थंडगार रिंकांत, म्हणजे बर्फाच्या मैदानांत, बसून ही मुले पाहणारे लोक खेळाडू हेरणाऱ्या विभागाचे प्रमुख अल मरे यांच्या हाताखाली काम करत होते. उद्या तुझी जागा त्या बाकांवर असेल, व्यासपीठावर नसेल. जोनाथन ड्रुएन या तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या मुलाने २०१६ मध्ये बदली मागून दुय्यम संघात खेळायचे नाकारले, तेव्हा सगळे म्हणत होते की मिळेल ते घेऊन विका. आयझरमनने त्याला निलंबित केले, घाई केली नाही, मुलगा परत येऊन चांगला खेळला, आणि दीड वर्षाने त्याच्या बदल्यात मिखाईल सर्गाचेव्ह मिळाला. चुकाही झाल्या, कॅलाहनला दिलेला सहा वर्षांचा करार त्याच्या पाठीच्या दुखण्यामुळे संघाला जड गेला.

२०१५ मध्ये टँपा अंतिम फेरीत शिकागोकडून हरला. सप्टेंबर २०१८ मध्ये आयझरमनने पद सोडले आणि त्याचा सहायक जूलियन ब्रिझबॉ याच्याकडे सूत्रे दिली. त्यानंतर संघाने २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन कप जिंकले, आणि वर सांगितलेली चारही मुले त्या संघात होती. आचारी रांधून निघून गेला आणि पंगत नंतर बसली.

एप्रिल २०१९ मध्ये तो डेट्रॉइटला परतला तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटले, आता दिवस पालटले. त्याच जूनमध्ये व्हँकुव्हरला ड्राफ्ट होता. सहाव्या क्रमांकाला त्याने मोरिट्झ सायडर या जर्मन बचावपटूचे नाव घेतले आणि कॅमेरा त्या मुलाकडे वळला. त्याचे तोंड उघडेच राहिले होते, आपले नाव इतक्या लवकर येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. जाणकारांनी निवडीला नावे ठेवली. २०२२ मध्ये सायडर लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. पण एक सायडर म्हणजे संघ नव्हे. २०१९-२० मध्ये संघाने ७१ पैकी १७ सामने जिंकले, लीगमध्ये शेवटचा आला, आणि पुढच्या ड्राफ्टमधले क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत पहिला क्रमांकही हुकून चौथा मिळाला. पुढे २०२४ मध्ये वॉशिंग्टनइतकेच ९१ गुण होऊनही बाद फेरी हुकली, २०२५ मध्येही हुकली. आमच्या गल्लीतला न्हावी, ज्याच्या आरशाशेजारी अजून १९ क्रमांकाचे चित्र आहे, तोही आता केस कापताना त्याच्यावर चिडतो. मीही चिडतो. हाच माणूस, हीच पद्धत, आणि तरी टँपाला आला तो गुण येथे अजून आलेला नाही. टँपाला पोहोचला तेव्हा स्टॅमकोस आणि व्हिक्टर हेडमन संघात आधीच होते, येथे तसे कोणी नव्हते, हे त्याचे एक कारण मला दिसते. ज्या कामात तू शिरते आहेस तेथे बरोबर निर्णय आणि चांगला निकाल यांच्यामध्ये पाच-सात वर्षे असतात, आणि मधल्या काळात न्हावीसुद्धा बोलतो.

आता तुझ्या नोंदी. गोलरक्षकावर तू दोन पाने लिहिली आहेस आणि ती सुरेख आहेत. त्याच्या डाव्या खांद्याची ठेवण तुझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात आली नसती. उरलेल्या तिघांवर मात्र चार-चार ओळी. ती दोन पाने वाचताना मला तो मुलगा दिसला नाही, पुण्याच्या मैदानावर उभी असलेली तू दिसलीस. तिघांपैकी जो उंच बचावपटू आहे त्याचे आणखी दोन सामने पाहा, पक त्याच्याकडे नसताना तो कोठे उभा राहतो एवढेच पाहा, आणि त्याच्यावर नव्याने लिहून पुढच्या रविवारपर्यंत मला पाठव. गोलरक्षकावर या वेळी दहा ओळींहून अधिक लिहू नकोस.

गुडघ्याला थंडीत शेक देत जा. रिंकमधले बाक फार गार असतात, बसायला घरून जाड घोंगडी ने.

तुझा
काका