आई म्हणते "कसंतरीच होतंय", मी काय बोलू?

प्रश्न: ताई, माझी आई ७६ वर्षांची, गावी एकटी असते, रोज फोनवर म्हणते कसंतरीच होतंय, चक्कर येते. मी "अगं वय झालंय, होणारच" म्हणते आणि मग ती गप्पच होते. काय बोलू?

उत्तर: अगं, ती गप्प होते ना, तेच मला लागलं बघ. "वय झालंय" ऐकलं की माणसाला वाटतं आता सांगूच नये. त्यापेक्षा विचार, "कधीपासून गं? उठताना होतं का? सकाळी काय खाल्लंस?" आणि मधे न तोडता ऐक. चक्कर उठतानाच येत असेल तर बीपी आधी बसून आणि मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी मोजायला सांग, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवच, कधीकधी बीपीच्या गोळीनेच होतं, पण गोळी मनाने बंद करायची नाही हं. म्हातारपणी तहानही कमी लागते, म्हणून पाण्याचं विचार. आणि हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम, घाम, मळमळ असली तरी लगेच १०८ लाव. आज फोन केलास की पहिलं एवढंच म्हण, "आई, काल मी नीट ऐकलं नाही, परत सांग ना."