स्नायू ताणला की हाडाचा टवका निघाला?

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. शाळेच्या १०० मीटर शर्यतीत सुटताक्षणीच नितंबाखाली ‘कट्’ असा आवाज झाल्याचे त्याला जाणवले आणि तो खाली बसला. स्नायू ताणला असेल असे समजून आम्ही आठवडाभर तेलाने चोळले. दुखणे थांबेना म्हणून एक्स-रे काढला, तेव्हा ‘अवल्शन फ्रॅक्चर’ असल्याचे व तुकडा सुमारे १ सेंटिमीटर सरकल्याचे सांगण्यात आले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले नाही, शस्त्रक्रियाही सुचवली नाही. केवळ कुबड्या आणि विश्रांती सांगितली. हाड मोडलेले असताना एवढ्यावर भागेल का?
– एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : बहुधा भागेल. हा अस्थिभंग बाहेरून मार बसून होत नाही. स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) किंवा सांध्याचा अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा) हाडाला जेथे चिकटलेला असतो, तेथूनच हाडाचा तुकडा ओढला जाऊन सुटतो. प्रौढ माणसाचा स्नायू अशा झटक्याने आखडला, तर बहुतेक वेळा स्नायू किंवा कंडराच फाटते. परंतु वाढत्या वयात कंडरा ज्या उंचवट्याला जोडलेली असते, तो मूळ हाडाशी पुरता सांधलेला नसतो, दोहोंच्या मध्ये वाढीच्या कूर्चेचा (मऊ, लवचीक हाडाचा) थर असतो आणि ओढ सोसण्यात तोच सर्वांत दुबळा ठरतो. आपण बसतो तेव्हा श्रोणीच्या (कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या) ज्या हाडावर भार येतो, त्याला मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू जोडलेले असतात, आणि तेथील सांधणी पूर्ण व्हायला विशी उजाडते. म्हणून धावपटूंमध्ये, अडथळ्यांच्या शर्यतीत किंवा नृत्यात पाय एकदम फाकल्यास हा तुकडा निघतो. फुटबॉलला जोराने लाथ मारताना श्रोणीच्या पुढच्या बाजूचा उंचवटा असाच निघू शकतो.

निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या सांगण्यातच असतो. दुखणे नेमक्या एका क्षणी सुरू झाले, आवाज जाणवला, बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागी हाड दुखते आणि तो स्नायू वापरताच कळ येते, असे वर्णन कुमारवयीन खेळाडूने केले, तर एक्स-रे काढल्याशिवाय त्याला ‘स्नायू ताणला’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्स-रे संपूर्ण श्रोणीचा काढतात, कारण वाढीची नैसर्गिक रेषा आणि मोड यांतला फरक दुसऱ्या बाजूशी ताडून पाहिल्यावर लवकर उमगतो. उंचवटा अद्याप बराचसा कूर्चेचाच असेल किंवा तुकडा जागेवरून हललाच नसेल, तर एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. अशा वेळी सोनोग्राफी किंवा एमआरआय उपयोगी पडते. तपासणी काही आठवड्यांनी होत असेल, तर दुखापतीची हकिगत आवर्जून सांगावी. भरून येणाऱ्या हाडाभोवती तयार होणारे नवे हाड चित्रात कधी कधी गाठीसारखे दिसते आणि घरात विनाकारण कर्करोगाची धास्ती शिरते.

आता उपचार. श्रोणीच्या या भागाला प्लास्टर लागत नाही. स्नायूची ओढ थांबवणे हाच येथे उपचार आहे. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे तुकडा २ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक सरकला असेल, तो जुळून न आल्याने बसताना सतत दुखत असेल किंवा जवळून जाणाऱ्या सायटिक नसेला त्रास होत असेल, तेव्हा करतात आणि तुकडा स्क्रूने बसवतात. आपल्या मुलाचा तुकडा त्या मर्यादेच्या बराच आत आहे.

तेल चोळणे मात्र आजच थांबवावे. सुरुवातीचे काही आठवडे कुबड्या घ्याव्यात आणि गुडघा सरळ ठेवून पुढे वाकणे कटाक्षाने टाळावे, कारण त्या स्थितीत हॅमस्ट्रिंग सर्वाधिक ताणले जातात. दुखणे कमी होईल तसतसा पायावर भार वाढवायचा. ताणाचे व बळकटीचे व्यायाम हाड जुळू लागल्याची खात्री झाल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरू करायचे. खरी अडचण दुसऱ्या महिन्यात येते. वेदना हाड पक्के होण्याआधीच थांबते, मुलगा बरा दिसतो आणि शाळेचे सामने तोंडावर असतात. पूर्ण वेगाने धावण्यास तीन ते चार महिने, क्वचित अधिकही, लागतील असे धरून चालावे आणि दोन्ही पायांची ताकद सारखी झाल्याशिवाय मैदानात उतरवू नये.

प्रश्न : पायरीवरून पाय मुरगळला. घोटा फारसा दुखत नाही, पण पावलाच्या बाहेरच्या कडेला, मधोमध, हाडाचा टवका निघाल्याचे एक्स-रेत दिसले. वय ४२. हेही फ्रॅक्चर असेच का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : होय. पाऊल आत वळले की करंगळीमागच्या लांब हाडाच्या बुडाशी जोडलेले तंतू तेथील तुकडा ओढून काढतात. तुकडा फारसा सरकला नसेल, तर कडक तळाचा बूट किंवा चालण्याचा आधारबूट घालून, सोसेल तेवढा भार देत चालता येते आणि सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकांचे दुखणे जाते. मात्र त्याच हाडावर थोडे पुढे, बोटांच्या दिशेने, जी मोड होते तिला ‘जोन्स फ्रॅक्चर’ म्हणतात. तेथे रक्तपुरवठा कमी असल्याने हाड उशिरा जुळते, पायावर भार न देता प्लास्टर किंवा प्रसंगी स्क्रू लागतो. आपली मोड या दोहोंपैकी कोणती, हे अस्थिरोगतज्ज्ञांना एक्स-रे दाखवून विचारून घ्यावे.