वाचकांचे प्रश्न : परिचर्येतील सिद्धान्त आणि वॉर्डातील धावपळ

प्रश्न : मी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. मानवतावादी परिचर्या सिद्धान्त अभ्यासक्रमात शिकले. पण औषधे, सलाइन, ड्रेसिंग आणि नोंदी यांतच ड्यूटी संपते. रुग्णाजवळ बसायलाही वेळ नसताना या सिद्धान्ताचा उपयोग काय?

उत्तर : जोसेफिन पॅटरसन आणि लोरेटा झ्डेराड या अमेरिकी परिचारिकांनी १९७६ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेला हा सिद्धान्त वाचायला जड आहे, हे मान्यच करायला हवे. त्याचा गाभा मात्र सोपा आहे : रुग्णाची हाक आणि परिचारिकेचा प्रतिसाद यांतून चालणारा संवाद म्हणजे परिचर्या. हा संवाद बोलूनच होतो असे नाही. कूस बदलून देताना हात किती घाईने किंवा सावकाश चालतात, यावरूनही रुग्णाला पुष्कळ कळते. म्हणून त्यासाठी निराळा वेळ काढावा लागतो, हा समज मला बरोबर वाटत नाही.

रात्री वारंवार बेल वाजवून कधी पाणी, तर कधी उशी मागणारा रुग्ण घ्या. ‘हा त्रासदायकच आहे’ हा आपल्या मनातील शेरा आधी ओळखून बाजूला ठेवावा, मग त्याच्याकडे मोकळ्या नजरेने पाहावे आणि त्यानंतर शास्त्रीय ज्ञानाची जोड द्यावी, असा क्रम या दोघींनी सांगितला आहे. ही अस्वस्थता रक्तातील ऑक्सिजन कमी झाल्याने, लघवी तुंबल्याने किंवा वेदनेने असू शकते, तशीच ती उद्याच्या शस्त्रक्रियेच्या धास्तीनेही असू शकते; तेव्हा नाडी, श्वास, ऑक्सिजन तपासत असतानाच “झोप कशामुळे लागत नाही?” असे विचारले, तर दोन्ही शक्यतांचा शोध एकाच फेरीत सुरू होतो. नुसता धीर देऊन तपासणी टाळणे हे या सिद्धान्तात बसत नाही. सिद्धान्ताचे नाव घेणारे नेमके हेच विसरतात. उलट, हृदय बंद पडलेल्या रुग्णाला छातीदाब देणे हाच त्या क्षणीचा योग्य प्रतिसाद असतो.

अपुऱ्या मनुष्यबळावर मात्र हा सिद्धान्त उपाय नाही, आणि त्याच्या आधारे परिचारिकांकडून आणखी सोशिकपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तुमच्या हाती असलेली सुरुवात ड्यूटी सोपवतानाची आहे : “सात नंबरचा मधुमेही” एवढेच न सांगता, रुग्णाचे नाव आणि त्याला इन्सुलिन स्वतः टोचून घेण्याची भीती वाटते, हेही पुढच्या सिस्टरना सांगा.