सर्टिफिकेशन म्हणजे कारकुनी नव्हे

प्रश्न : माझी मुलगी नागपूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे युरोपात जाऊन ‘एअरक्राफ्ट सर्टिफिकेशन’मध्ये काम करायचं आहे. तिचे काका म्हणतात, इंजिनिअर होऊन कागदांवर शिक्केच मारायचे तर कर्ज काढून एवढ्या लांब जायचं कशाला? या कामात खरंच काही आहे का? आणि शेवटचं वर्ष संपताच कर्ज काढावं का? – एक आई, यवतमाळ

ताई, नमस्कार.

काकांची शंका प्रामाणिक आहे, म्हणून आधी तिचंच उत्तर देते. सर्टिफिकेशन म्हणजे विमान सुरक्षेच्या नियमांत बसतं हे सिद्ध करण्याचं काम.

२००६ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या तुलूझला एअरबसने आपल्या ए-३८० या दुमजली विमानाचे पंख जमिनीवरच्या चाचणीत वाकवत नेले. उडताना विमानाच्या आयुष्यात येऊ शकेल असा जास्तीत जास्त भार धरायचा, त्याच्या दीडपट भार टाकायचा आणि तो रचनेने किमान तीन सेकंद पेलायचा, असा युरोपचा नियम आहे. तो पंख १.४५ पटीला तुटला. विचार करा, उद्दिष्टाला फक्त तीन टक्के कमी! पण नियमाला ‘जवळजवळ’ चालत नाही. मग कुठे तुटला, का तुटला, तिथे किती मजबुती द्यायची, आणि ती दिल्यावर पंख दीडपट भार पेलेल हे कशावरून म्हणायचं, हे सगळं तपासणाऱ्यांना आकडेमोडीने पटवावं लागलं. पंख मजबूत झाला आणि १२ डिसेंबरला विमानाला प्रमाणपत्र मिळालं.

त्याच वर्षी मार्चमध्ये हॅम्बुर्गला याच विमानात ८७३ माणसं बसवली, अंधार केला, निम्मे दरवाजे बंद ठेवले आणि सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. नियम ९० सेकंदांचा आहे. ती ७८ सेकंदांत बाहेर आली.

तुमच्या लेकीला ज्या कामात जायचंय ते हे. कागद असतो, भरपूर असतो, पण प्रत्येक कागदामागे एकच प्रश्न असतो : कशावरून?

युरोपात हा प्रश्न विचारण्याचा अधिकार जर्मनीतल्या कोलोनच्या ईएएसए या विमान-सुरक्षा संस्थेकडे आहे. मोठ्या विमानांसाठीच्या तिच्या नियमसंचाला सीएस-२५ म्हणतात. एक कलम सांगते. जवळपास १.८ किलोचा पक्षी वेगात असलेल्या विमानावर आदळला, तरी ते सुखरूप उतरवता आलं पाहिजे. आता हे सिद्ध कसं करायचं? गणित करून, प्रयोगशाळेत पक्षी डागून, की आधीच्या विमानाच्या चाचणीचा आधार घेऊन? पुराव्याच्या अशा पद्धतींना शून्य ते नऊ असे क्रमांक आहेत. कोणत्या कलमाला कोणता पुरावा द्यायचा हे ठरवणं हा सर्टिफिकेशन इंजिनिअरच्या कामाचा गाभा. यात चूक झाली तर वर्षभराची चाचणी वाया जाते, म्हणून कंपन्या या माणसांना जपतात.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विमान बनवणाऱ्या कंपनीला युरोपात डिझाइन ऑर्गनायझेशन म्हणून वेगळी मान्यता घ्यावी लागते, आणि तिच्या आत असे इंजिनिअर ठेवावे लागतात जे आपल्याच सहकाऱ्यांचं काम स्वतंत्रपणे तपासून सही करतात. पगार कंपनीचा, पण सही करताना बांधिलकी प्रवाशाशी. बोईंग ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. अमेरिकेत तपासणीचा मोठा भाग उत्पादकावरच सोपवलेला होता, यावर नंतर खूप टीका झाली. युरोपने त्या विमानाची स्वतः नव्याने तपासणी केली आणि त्यानंतरच, २०२१ च्या जानेवारीत, परवानगी दिली. काकांना सांगा, शिक्का मारणं सोपं असतं, तो अडवून धरायला खूप अभ्यास लागतो.

आता एक कटू माहिती. खुद्द ईएएसएमध्ये नोकरीसाठी साधारणपणे युरोपीय संघातल्या किंवा त्या संस्थेशी जोडलेल्या मोजक्या देशांचं नागरिकत्व लागतं. भारतीय पासपोर्टवर ती दारं बंद आहेत. मुलांना हे कुणी सांगत नाही आणि ती कोलोनचं स्वप्न घेऊन निघतात. पण संस्थेपेक्षा कितीतरी जास्त माणसं लागतात ती पलीकडच्या बाजूला : विमानं, इंजिनं, खुर्च्या, स्वयंपाकघरं, बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपन्यांत. माझा एक जुना विद्यार्थी हॅम्बुर्गला विमानातल्या खुर्च्यांवर काम करतो. चाचणीसाठी माणसाऐवजी पुतळा बसवलेली खुर्ची गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट झटक्याला टिकते का, पुतळ्याच्या डोक्याला किती मार बसतो, हे तो मोजतो आणि लिहितो. त्याची सुरुवात बेंगळुरूत झाली.

म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे : शेवटचं वर्ष संपताच कर्ज काढू नका. बेंगळुरू, हैदराबाद, पुण्यातल्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस कंपन्या युरोपीय उत्पादकांसाठी ताणाची गणितं आणि चाचण्यांचे अहवाल तयार करतात. तिथे दोन वर्षं काढली की आपल्याला हे काम मनापासून आवडतं का हे कळेल, आणि पुढे अर्जातही वजन येईल. डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचे नियमही बऱ्याच अंशी युरोपच्या धर्तीवर आहेत, त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही.

नागपुरातच मिहानमध्ये फाल्कन २००० या फ्रेंच बिझनेस जेटचे भाग तयार होतात. संपूर्ण विमान तिथे जोडण्याची घोषणा २०२५ च्या जूनमध्ये झाली आहे. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमधून तिथल्या इंटर्नशिपची चौकशी करायला सांगा. घरापासून इतक्या जवळ अशी संधी मी इतर कुठल्या विद्यार्थ्याला सांगू शकत नाही.

नंतर मास्टर्ससाठी जायचं ठरलं तर तुलूझ, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट, हॅम्बुर्ग ही नावं आधी पाहा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. म्युनिचचं तांत्रिक विद्यापीठ मात्र आता युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून फी घेतं. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे (२०२५ मध्ये ११,९०४ युरो) खात्यात दाखवावे लागतात, ती रक्कम मनात धरा. ब्रिटनच्या कोर्सबद्दल एक सावधगिरी : २०२० संपताना ब्रिटन ईएएसएच्या व्यवस्थेतून बाहेर पडलं. शिक्षण तिथे उत्तम आहे, पण रोजचं काम युरोपीय नियमांवर करायचं असेल तर हा फरक लक्षात हवा. आणि जर्मन आत्ताच सुरू करा. चाचणीचा अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, पण कारखान्यातले फोरमन जर्मनच बोलतात.

राहिला प्रश्न तिला हे जमेल का. ते मार्कांवरून नाही ठरवता येणार. तिला ‘कशावरून?’ असं विचारायची सवय आहे का, आणि मिळालेलं उत्तर चार स्वच्छ वाक्यांत लिहिता येतं का, हे बघावं लागेल. युरोपचे हे नियम संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तिला सीएस-२५ मधलं पक्ष्याच्या धडकेचं ६३१ क्रमांकाचं कलम वाचायला सांगा आणि एका मोठ्या विमानाच्या पंखासाठी ते आपण कसं सिद्ध करू, हे दोन पानांत लिहायला सांगा. कुणाची मदत न घेता. लिहून झालं की मला पाठवा, मी वाचेन आणि तिला थेट उत्तर देईन.