हाडं आधी हाताला कळू देत

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

मालिश करायची स्नायूंची, मग हाडांची नावं कशाला घोकायची, असं विचारलंस. स्नायू आखडतो, ताठरतो, प्रत्येकाच्या अंगात वेगळाच लागतो. हाताला पक्की खूण देतं ते हाडच. मोठ्या माणसाची २०६ हाडं एकदम पाठ होणार नाहीत, पण जिथे आपला हात रोज पडतो, तिथली तरी डोळे मिटून सापडलीच पाहिजेत.

खांद्याचा फरा घे, पाठीवरचं ते तिकोनी चपटं हाड. त्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याशी बोट नेऊन ‘इथेच दाबा’ म्हणणारे तुला खूप भेटतील. तिथे लिव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू चिकटलेला असतो, आणि त्याचं दुसरं टोक असतं मानेच्या वरच्या चार मणक्यांना, बाजूने. हे ठाऊक नसेल तर तू कोपराच रगडत बसशील. घटकाभर बरं वाटेल आणि मानेकडचा भाग तसाच ताठ राहील. ठाऊक असेल तर बोटं आपोआप मानेच्या कडेने वर चढतील. वर मात्र जपून. मणक्याच्या बाजूला आलेलं हाडाचं टोक बोटाला गाठीसारखंच लागतं, आणि नवी मुलं तेच ‘मोडायला’ बघतात. स्नायूतली गाठ बोटाखाली जराशी हलते, दाब धरून ठेवला की बऱ्याचदा सैल पडते. हाड तसं करत नाही. शंका आली तर दुसऱ्या बाजूला त्याच जागी चाचपून बघ. आणि गळ्याच्या पुढच्या भागाला हात लावू नकोस. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

कुठे दाबायचं नाही, हेही हाडच सांगतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, फिब्युलाचा, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचा, गोल माथा लागतो. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू कातडीच्या लगेच खालून जातो. तो जास्त दाबला गेला तर पाऊल वर उचलणं अवघड होऊ शकतं. कोपराच्या आतल्या हाडामागेही तसंच. बरगड्यांच्या १२ जोड्यांपैकी शेवटच्या दोन पुढून कशालाच जोडलेल्या नसतात आणि त्यांच्या आसपास मूत्रपिंडं असतात, म्हणून तिथे ठोकायचं नाही, कोपर लावायचं नाही. पाठीवर दाब मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, मधल्या हाडांवर कधीच नाही.

वयस्कर माणूस आला, किंवा कुणी बरीच वर्षं स्टिरॉइड घेत असेल, तर हाडं ठिसूळ आहेत का, पूर्वी कुठे मोडलं होतं का, हे हात लावायच्या आधी विचार. ठिसूळ बरगडीला तुझा नेहमीचा दाबही सोसवणार नाही. ‘मणका सरकलाय, जरा बसवून द्या’ असा आग्रह कुणी केलाच, तर स्पष्ट नाही म्हण आणि डॉक्टरांकडे पाठव. ते आपलं काम नाही, आणि नाही म्हणताना संकोच वाटायचं काही कारण नाही.

सुरुवात स्वतःपासून कर. मान खाली घाल. मागे सगळ्यात वर आलेलं हाड लागेल, ते बहुधा मानेचा सातवा मणका. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेव. त्यांच्या वरच्या कडांना जोडणारी रेघ साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. मग जोडीदाराच्या पाठीवर, डोळे मिटून, हेच शोध. पुढच्या भेटीत मी तुला फऱ्याच्या तिन्ही कडा नुसत्या बोटांनी आखायला सांगणार आहे.

तुझे सर