अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालावर इतर देशांतील लोक कशी प्रतिक्रिया देतात?

माझ्या मते, मताधिकार नसलेल्या या प्रेक्षकांची प्रतिक्रिया मुख्यतः नाते आणि खिसा या दोन गोष्टींवर ठरते.

नात्याचे उदाहरण म्हणजे 2008 साली बराक ओबामा विजयी झाल्यावर त्यांच्या वडिलांच्या केनिया देशाने 6 नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टीच जाहीर केली. जपानमधील ओबामा नावाच्या शहराने तर केवळ नामसाधर्म्यापोटी जल्लोष केला. कमला हॅरिस यांच्या आजोबांचे मूळ गाव असलेल्या तमिळनाडूतील तुलसेंद्रपुरममध्ये 2020 साली फटाके वाजले आणि दारांपुढे अभिनंदनाच्या रांगोळ्या उमटल्या. 2024 मध्ये त्याच गावच्या देवळात पुन्हा पूजा झाली. पण या वेळी कौल विरोधात गेल्याने गाव हिरमुसले.

खिशाची गोष्ट अधिक रोकडी आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांची आघाडी दिसू लागताच मेक्सिकोचा पेसो मतमोजणीच्या रात्रीच कोसळला, कारण त्या देशाची बहुतांश निर्यात अमेरिकेत जाते आणि ट्रम्प यांनी प्रचारात मुक्त व्यापार कराराला उघड विरोध केला होता. त्याच रात्री कॅनडाच्या स्थलांतर खात्याचे संकेतस्थळ बंद पडले, अर्थात ती गर्दी बहुतांशी अमेरिकनांचीच असावी.

आपल्याकडे 9 नोव्हेंबरच्या सकाळी सेन्सेक्स दीड हजारांहून अधिक अंकांनी घसरला खरा, परंतु आदल्याच रात्री नोटाबंदी जाहीर झाल्यामुळे त्यात ट्रम्प यांचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे. बहुतेक घरांत त्या दिवशी पाचशे-हजाराच्या नोटांचीच मोजणी चालू होती.