आपत्तीच्या काळात लोकांना खायला नसताना शिक्षणावर पैसा खर्च करणं योग्य आहे का? मदत संस्था त्यात नेमकं काय करतात?

मी ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. माझ्या मते जेवण आणि शाळा एकाच आठवड्यात सुरू व्हायला हवी. आमच्याकडे दोन्ही एकाच व्हरांड्यात सुरू झाली.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदी गावागावांत शिरली. आमच्या शाळेच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढलं. लोकांना शेजारच्या गावातल्या हायस्कूलमध्ये हलवलं. कोरोनामुळे शाळा मार्चपासून बंदच होत्या, त्यामुळे पुस्तकं मुलांच्या घरी होती आणि ती घरातच भिजून गेली. ज्या मोबाईलवर थोडाफार अभ्यास चालायचा, तेही बरेच गेले.

पाणी ओसरल्यावर पुरुष मंडळी बांधीतलं धान बघायला गेली आणि बाया घरातला गाळ उपसू लागल्या. तलाठी पंचनाम्याला येईल म्हणून घर सोडून हलताही येत नव्हतं. एक बाई तिसरीतल्या पोराचा हात धरून आली आणि म्हणाली, "गुरुजी, याले बसवून घ्या न. घरी सारा गाराच गारा हाये, कोठं ठेवू याले?" तिला त्या घडीला अभ्यासापेक्षा पोराची काळजी होती, आणि ती रास्तच होती. पडक्या भिंती, साप, उघड्या विहिरी. व्हरांड्यात अंतर ठेवून मुलं बसवली. सुरुवातीला कोणी पाटीला हात लावेना. पाणी कुठवर आलं, कोणाची बकरी वाहून गेली, एवढंच बोलायचे. बोलू दिलं. हळूहळू पाढे सुरू झाले, मग वाचन.

मोठ्या मुलींचं संकट उशिरा येतं आणि ते पुराच्या फोटोत दिसत नाही. धान गेलं की आमच्या भागातली कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि लहानग्यांना सांभाळायला सातवी-आठवीतली मुलगी सोबत नेतात. हंगाम संपवून ती परतते तोवर वर्ष बुडालेलं असतं आणि घरात लग्नाचा विषय निघतो. पुरानंतरच्या पहिल्या महिन्यात ती वर्गात टिकली, तर तिला थांबवून ठेवायला काही आधार उरतो.

आता मदत संस्थांकडे येतो. युनिसेफची 'पेटीतली शाळा' प्रसिद्ध आहे: एक शिक्षक आणि ४० मुलांपुरत्या वह्या, पेन्सिली, खडू, फळ्याचा रंग. पेटीचं झाकणच फळा म्हणून वापरता येतं. संस्थांचं आयएनईई हे जाळं २००० साली तयार झालं आणि संकटकाळातल्या शिक्षणाचे किमान निकष त्यांनी २००४ मध्ये ठरवले. फक्त याच कामासाठीचा 'एज्युकेशन कॅनॉट वेट' हा निधी मात्र २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत उभा राहिला. म्हणजे जगानेही बराच काळ तुमच्यासारखाच विचार केला, आधी पोट आणि मग पाटी.

आपल्याकडे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, संस्था मदतीला येतात. पण अडचण दुसरीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण मात्र अपवाद. म्हणजे मुलांना शिक्षक सगळ्यात जास्त हवा असतो, नेमका तेव्हाच तो याद्या करायला आणि धान्य वाटायला जातो आणि शाळेच्या खोल्यांत लोक राहतात. संस्थांनी खरं बळ इथे लावावं. याद्या आणि वाटपासाठी माणसं द्यावीत, निवाऱ्यासाठी मंगल कार्यालय किंवा तंबू बघावेत, म्हणजे शिक्षक आणि खोली दोन्ही मोकळे होतील. दप्तरं खूप येतात, कधी एकाच मुलाला दोन-दोन. शिक्षकाच्या जागी उभं राहायला कोणी येत नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच पेटीत नसते: शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही. आमचं जुनं रजिस्टर भिजलं होतं. एकेक पान सुटं करून, मध्ये वर्तमानपत्र घालून पंख्याखाली वाळवलं, उन्हात ठेवलं असतं तर शाई उडाली असती. इतका खटाटोप यासाठी की त्यात आजोबा-पणजोबांच्या जातीच्या नोंदी असतात. जात प्रमाणपत्र आणि पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आणि ओबीसींना १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. ते पान गेलं की नातवाची शिष्यवृत्ती आणि प्रवेश अडकतो. पूरप्रवण गावांतली ही रजिस्टरं स्कॅन करून ठेवायला एखादी संस्था पुढे आली, तर हजार दप्तरांपेक्षा मोठं काम होईल.

कागदाचं मोल म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुलांच्या बाबतीतही दिसतं. २०१७ पासून बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत शिक्षण केंद्रं सुरू झाली, पण म्यानमारचा अभ्यासक्रम तिथे प्रायोगिक स्वरूपात सुरू व्हायला २०२१ उजाडलं. तोवर मुलं शिकत होती, पण ते शिक्षण कुठल्याच इयत्तेत धरलं जात नव्हतं.

तुमच्या ओळखीत कोणी पुरामुळे गाव सोडत असेल, तर एवढं जरूर सांगा: टीसी उशिरा मिळाली म्हणून सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, तसं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. तेलंगणात मात्र भाषेची अडचण येते. म्हणून मुलांना आजी-आजोबांकडे ठेवता येतं का, गावात हंगामी वसतिगृह सुरू करता येतं का, हे निघण्याआधीच मुख्याध्यापकांना विचारायला सांगा.